वाचकांचे प्रश्न : डॉ. विक्रम पटेल यांचे संशोधन आणि आपला सीमाभाग

मागील अंकात याच सदरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गोव्यातील संशोधनाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बेळगावात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. प्रबंधासाठी आमच्या सरांनी पटेल यांचे लेख वाचायला सांगितले आहेत. त्यांच्या नावापुढे उद्धरणांचा आणि एच-इंडेक्सचा फार मोठा आकडा दिसतो. एखाद्या संशोधकाचा प्रभाव या आकड्यांवरून ठरवावा काय? आणि वाचनाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आकडा पाहावा, पण तेथे थांबू नये. एखाद्याचे ४० लेख असे असतील की त्यांतील प्रत्येक लेख इतरांनी किमान ४० वेळा उद्धृत केला आहे, तर त्याचा एच-इंडेक्स ४० होतो. लेख पटला म्हणून उद्धृत झाला की खोडून काढण्यासाठी, हे त्या आकड्यातून कळत नाही. शेकडो लेखकांनी मिळून लिहिलेल्या एखाद्या जागतिक अहवालाचे श्रेय प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच जमा होते. शिवाय वैद्यकशास्त्रातील लेख एकमेकांना जेवढे उद्धृत करतात, तेवढे समाजकार्यातील लेख करत नाहीत, त्यामुळे दोन विषयांतील आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते.

म्हणून मी तुम्हाला वेगळी वाट सुचवितो. त्यांचा एक धागा पकडा आणि तो दुसऱ्यांच्या हातांत कसा गेला ते पाहा. मुंबईत जन्मलेले पटेल १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झिंबाब्वेतील हरारे येथे काम करीत होते. तेथील प्राथमिक दवाखान्यांत आणि पारंपरिक वैदूंकडे येणारे रुग्ण आपल्या त्रासाचे वर्णन शोना भाषेत कसे करतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपून घेतले. त्यात ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वारंवार आला. त्याचा अर्थ अति विचार करणे. आपल्याकडची बाई ‘विचार करून करून डोकं भणभणतंय’ म्हणते, त्याच्या हा शब्द किती जवळचा आहे! लोकांच्या अशा बोलण्यातूनच त्यांनी १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली सिद्ध केली आणि ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे जवळजवळ दोन दशकांनी डिक्सन चिबांडा या झिंबाब्वेच्या मनोविकारतज्ज्ञांनी दवाखान्याच्या आवारात बाक मांडून, वयस्क सामान्य स्त्रियांकडून रुग्णांना समुपदेशन देण्याच्या आपल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमाची चाचणी केली. हरारेतील २४ दवाखाने आणि ५७३ रुग्ण असलेली ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रुग्णांची सुधारणा मोजण्यासाठी वापरलेले मुख्य माप हीच शोना प्रश्नावली होती. एका संशोधकाने घडविलेले माप दुसऱ्याला वीस वर्षांनंतर आपल्या कामासाठी योग्य वाटले, हा प्रभाव मला कोणत्याही निर्देशांकापेक्षा विश्वासार्ह वाटतो.

वाचनाचा क्रमही हाच ठेवा. आधी झिंबाब्वेतील लेख, मग २००२ मधील गोव्यातील बाळंतिणींवरचा अभ्यास, त्यानंतर २०१० ची गोव्यातील ‘मानस’ ही उपचारांची चाचणी आणि २०१७ मधील दोन चाचण्या वाचा (तिन्हींची माहिती पुढच्या उत्तरात आहे). ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये जागतिक मानसिक आरोग्यावर लेखमाला काढली, तिच्यात पटेल यांचा मोठा वाटा होता. ती सर्वांत जास्त गाजलेली असली तरी शेवटी वाचावी असे मी म्हणेन, कारण तिच्यातील आवाहनामागचा पुरावा हाती असल्याशिवाय ते नीट तोलता येत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. एका प्रशिक्षणात सांगितले गेले की, आमच्यासारख्या बायकाही नैराश्यावर उपचार देऊ शकतात आणि हे गोव्यात सिद्ध झाले आहे. आमचे शिक्षण बेताचे. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर आमच्यावर आणखी एक काम येणार का?

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण प्रशिक्षणात बहुधा निष्कर्ष तेवढा सांगितला जातो आणि त्यामागच्या अटी गळून पडतात.

पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात १९९६ मध्ये ‘संगत’ ही संस्था सुरू केली. चोर्ला घाट उतरला की पलीकडे जे दवाखाने लागतात, त्याच राज्यात हे सारे काम झाले. तुमच्या तालुक्यातून रोजगारासाठी माणसे जेथे जातात, तेथलेच ते रुग्ण. ‘मानस’ हे नाव मनःशांती सुधार शोध यावरून घेतलेले आहे. या चाचणीत २४ आरोग्यकेंद्रे होती, त्यांतील निम्मी सरकारी आणि निम्मी खासगी डॉक्टरांची. नैराश्य व चिंतेचे एकूण २,७९६ रुग्ण घेतले गेले. काही केंद्रांत नेहमीचेच उपचार चालू ठेवले आणि काहींत आरोग्यक्षेत्राची पूर्वतयारी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रिया समुपदेशक म्हणून बसविल्या. कोणत्या केंद्राला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरविले, म्हणजे चांगली केंद्रे एका बाजूला जाण्याचा धोका राहिला नाही. समुपदेशक एकटी नव्हती. तिच्या जोडीला केंद्राचे डॉक्टर होते, गरज पडल्यास औषध तेच देत, आणि अवघड रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ येत असत. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना ६५.९ टक्के होते आणि नसताना ४२.५ टक्के होते.

खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे संशोधकांनी दडवून ठेवले नाही, ते निष्कर्षातच लिहिले, आणि याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. ज्या दवाखान्यात तोच डॉक्टर वर्षानुवर्षे तीच कुटुंबे पाहतो आणि रुग्णाला बोलायला वेळ देतो, तेथे समुपदेशकाची भर कमी पडत असावी, असा त्याचा एक अर्थ लागतो. सरकारी केंद्रात ज्या गोष्टीची उणीव होती, तीच समुपदेशक घेऊन आली.

दुसरी चाचणी तुमच्या कामाला अधिक जवळची आहे. २०१७ मध्ये छापून आलेल्या या चाचणीत गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्ण होते आणि त्यांचे नैराश्य साधे नव्हते. ते बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र या पायरीवरचे होते. समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या, काही केंद्रात आणि काही रुग्णाच्या घरी. त्यांनी केले काय, तर नैराश्यात माणसाचे करणे आधी सुटते आणि करणे सुटले की मन आणखी खचते, हे चक्र रुग्णाला स्वतःच्या दिनक्रमातून दाखवून दिले. तुमच्या भागातले उदाहरण द्यायचे तर, भातलावणीनंतर आजारी पडलेली एखादी बाई महिला संघाच्या बैठकीला जायचे सोडते, मग शेजारणीकडे बसायचे सोडते, मग देवळात जायचेही सोडते. अशा बाईला धीर धरा असे सांगून समुपदेशक निघून जात नाही. या आठवड्यात यांतली कोणती एक लहान गोष्ट पुन्हा करून पाहता येईल, हे ती तिच्याकडूनच ठरवून घेते आणि पुढच्या आठवड्यात ते जमले की नाही, नसेल तर आडवे काय आले, याची विचारपूस करते. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीच्या उपचारांत थोडी सुधारणा करून दिलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. काम बुडालेले दिवस कमी झाले, आत्महत्येचे विचार व प्रयत्न कमी झाले आणि स्त्रियांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली.

याच काळात दारूच्या घातक सवयीसाठी अशीच चाचणी ३७७ पुरुषांवर झाली. तेथे यश आले ते कमी होते, म्हणजे ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. सगळ्या दुखण्यांवर बोलण्याचे औषध सारखे लागू पडत नाही, हे यातून दिसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोव्यातील समुपदेशकांना हेच काम नेमून दिलेले होते. त्यांच्या बैठकी ध्वनिमुद्रित होत, त्या एकत्र ऐकून एकमेकींच्या कामाला गुण दिले जात आणि तज्ज्ञांची देखरेख अखेरपर्यंत राहिली. गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आणखी एक वही टाकून तोच परिणाम मिळेल, असे या संशोधनात कोठेही म्हटलेले नाही. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हीच पद्धत मोबाइलच्या मदतीने शिकवता येते काय, हे पुढे तपासले गेले आणि अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावरील उपचार पोहोचविण्याचा प्रयोगही झाला. तेथे उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे काम शक्य आहे. पण तुमच्या बैठकीत हे काम मांडले गेले, तर प्रशिक्षण किती दिवसांचे, मानधन किती, अवघड रुग्ण कोणाकडे पाठवायचा आणि आमचे काम दर आठवड्याला कोण तपासणार, हे चार प्रश्न तुम्ही अवश्य विचारा. ते विचारणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. हे उपचार ज्या अटींवर यशस्वी झाले, त्या अटीच तुम्ही मागत आहात.

प्रश्न : निपाणीत मी तीस वर्षे शिक्षक होतो. विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची दुःखे मी पाहिली आहेत. त्यांच्या हलाखीला ‘डिप्रेशन’ हे पाश्चात्त्य नाव देऊन समुपदेशनाची पट्टी बांधणे, हा मूळ प्रश्न झाकण्याचा प्रकार नव्हे काय?

उत्तर : गुरुजी, आपली शंका जुनी आहे आणि ती जाणकारांनीही उचलून धरली आहे. डेरेक समरफील्ड या ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांनी असाच आक्षेप घेतला. पाश्चात्त्य निदाने सर्वत्र सारखीच लागू पडतात असे गृहीत धरले की, सामाजिक दुःखाचे रूपांतर वैयक्तिक आजारात होते, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. या वादाने या क्षेत्राचे भलेच झाले असे मला वाटते, कारण त्यामुळे प्रत्येक संशोधकाला आपले शब्द तपासावे लागले.

परंतु पटेल यांचे लेख वाचले तर दारिद्र्याचा आणि स्त्रीच्या दुय्यम स्थानाचा विषय त्यांनी टाळलेला दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ अर्थर क्लाइनमन यांच्याबरोबर २००३ मध्ये त्यांनी दारिद्र्य आणि मनोविकार यांच्या संबंधावर लिहिले, त्यात असुरक्षितता, हताशा आणि झपाट्याने होणारे सामाजिक बदल यांवर भर आहे. २००२ च्या गोव्यातील अभ्यासात २७० बाळंतिणींपैकी २३ टक्के स्त्रियांत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. त्यामागे दारिद्र्य आणि नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाल्याचे दुःखही होते. त्याच मातांच्या बाळांची वाढ खुंटल्याचे पुढच्या वर्षीच्या लेखाने दाखवून दिले.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवरचा अभ्यास. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला आपल्याकडे हमखास जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या जातात. गोव्यातील अभ्यासात मात्र या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरील ताणाशी अधिक घट्ट आढळला. मी स्वतः बेळगावात कित्येक वर्षे रुग्ण तपासले आहेत. अशक्तपणा, कंबरदुखी, हातापायांना मुंग्या आणि पांढरे जाणे एवढेच सांगून थांबलेल्या बायकांना, आणखी काही बोलायचे आहे का असे विचारले की, त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. तो प्रश्न मी सुरुवातीच्या वर्षांत विचारीत नसे, याची मला खंत आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, मजुरी वाढणे आणि मारहाण थांबणे यांची जागा समुपदेशन घेऊ शकत नाही, पण मजुरी वाढेपर्यंत त्या बाईने झोपेविना तळमळत राहावे, असेही आपण म्हणू शकत नाही. ज्या बाईला दिवस ढकलण्याचेही बळ उरलेले नाही, ती मजुरीसाठी मोर्च्यात तरी कशी येणार?

प्रश्न : आम्ही चिकोडीजवळच्या खेड्यातले. मुलाला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी तो सुस्त होतो. समुपदेशकांच्या उपचारांनी औषध बंद करता येईल का?

उत्तर : नाही. आणि औषध स्वतःहून बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर सांगितलेल्या चाचण्या नैराश्य, चिंता आणि दारू यांबद्दलच्या आहेत. स्किझोफ्रेनियाबद्दलची चाचणी वेगळी होती आणि तिच्या तीन ठिकाणांपैकी एक महाराष्ट्रातील सातारा होते. तिन्ही ठिकाणी मिळून २८२ रुग्णांवर झालेल्या या अभ्यासात रुग्णालयातील उपचार सर्वांनाच मिळत होते, आणि त्यांपैकी एका गटाला सामान्य कार्यकर्त्यांची घरपोच मदत जोडून दिली होती. या गटाला थोडा अधिक फायदा झाला. म्हणजे कार्यकर्ता औषधाच्या जागी नव्हता, औषधाच्या जोडीला होता. सुस्तीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मात्रा किंवा औषध बदलून पाहता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात करा, धारवाडची डिमहान्स ही संस्थाही बेळगावपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. रात्री-अपरात्री अडचण आल्यास १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक आहे. तेथे मराठी व कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे. (२०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा आणि गोव्याची ‘मानस’ चाचणी यांचे नाव सारखे असले तरी त्या वेगळ्या आहेत.)

प्रश्न : गोव्याचे कौतुक पुष्कळ झाले. आपल्या कर्नाटकात काहीच झाले नाही काय? आणि हे सारे आपल्या सीमाभागात राबवायचे झाले तर कोणत्या भाषेत?

उत्तर : पहिल्या प्रश्नाबद्दल मी आपला आभारी आहे. सामान्य आरोग्यसेवेतून मनोविकारांवर उपचार देण्याची कल्पना पटेल यांच्या आधीची आहे. १९७० च्या दशकात हरियाणातील रायपूर राणी येथे डॉ. एन. एन. विग यांच्या पुढाकाराने आणि बेंगळुरूजवळ सकलवाडा येथे निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हे प्रयोग केले. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांचे नाव या दोन्ही परंपरांशी जोडलेले आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि तो जिल्ह्याच्या पातळीवर कसा चालवायचा, हे निम्हान्सने १९८५ ते १९९० या काळात आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखविले. १९९६ पासून देशभर सुरू झालेला जिल्हा कार्यक्रम त्याच नमुन्यावर उभा आहे. बळ्ळारीने प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना शिकविले. गोव्याने डॉक्टर नसलेल्यांना शिकविले आणि त्याचा परिणाम तुलनागट ठेवून मोजला. पटेल यांची भर ही अशी आहे, आणि ती सांगताना बळ्ळारीचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. नैराश्य मोजण्यासाठी गोव्याच्या चाचणीत वापरलेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७. तिची कन्नड आणि मराठी भाषांतरे वापरात आहेत. पण खानापूरच्या बाजारात किंवा हुक्केरीच्या एस.टी. थांब्यावर बोलली जाणारी मराठी ही पुस्तकातली मराठी नाही, आणि घरी मराठी बोलणाऱ्या पुष्कळ तरुणांना दवाखान्यातील कन्नड फॉर्म वाचता येतो पण आपले दुःख मात्र त्या भाषेत सांगता येत नाही. ‘गोष्टी करण्यात रस किंवा आनंद न वाटणे’ हे वाक्य ऐकून निव्वळ मान डोलावणारी आजी, ‘कायच गोड लागेना का?’ असे विचारताच बोलू लागते. पटेल यांनी शोना भाषेत जे केले, ते बेळगावच्या मराठीत आणि येथल्या कन्नडमध्ये अजून करायचे आहे. वर पत्र लिहिणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याला मी सुचवेन की, त्याने प्रबंधासाठी हाच विषय घ्यावा, दोन्ही भाषा जाणणारा सहकारी सोबत घ्यावा आणि पहिले काही महिने एकही प्रश्नावली हातात न धरता, प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसून लोक आपल्या मनाच्या दुखण्याला काय म्हणतात, ते शब्द त्यांच्याच उच्चारांत लिहून घ्यावेत.